शेकरू आणि अडईतला फरक

गुरुजी, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून पुरतं दिलेलं नाही. सहावीच्या वर्गात तुम्ही फळ्यावर लिहिला होता तो: शेकरू आणि अडई, फरक सांगा. फरक सांगायला लावणं ही तुमची खोडच होती. डोंगरात तुमचा वेळ जात नसे, घरची आठवण येत असे, मग तुम्ही आम्हा पोरांसमोर कसल्याही दोन गोष्टी उभ्या करायचात. ज्वारी आणि भगर. बैल आणि बोकड. एकदा तर आमच्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक आणि त्यांची मोटारसायकल. तिथं उत्तरही तुम्हीच दिलंत, की मोटारसायकल किक मारल्यावर तरी चालू होते. तुम्ही हसलात म्हणून आम्ही हसलो. तेव्हा आम्हाला तुमचं निम्मं बोलणं कळत नसे. घरी आम्ही भिली बोलायचो, तुम्ही वर्गात पुस्तकातली मराठी बोलायचात आणि चिडलात की थेट अहिराणीवर यायचात. तुम्ही चिडायचात फार, त्यामुळे आम्हाला मराठीआधी तुमची अहिराणी कळायला लागली.

मी वर्गात हुशार म्हणून गणली जायचे, म्हणून पहिली वही माझीच घेतलीत. मी लिहिलं होतं, शेकरू ही मोठी खार आहे, ती झाडावर राहते. अडई हे रानबदक आहे, ते पाण्यात राहते. यात चुकण्यासारखं काय आहे असं मला वाटत होतं. तुम्ही वही मिटली आणि तिनंच माझ्या डोक्यावर टपली मारलीत. "कोठे देखी तू अडई? पुस्तकमा? डोया उघाडी देख ना पोरी." आणि अख्ख्या वर्गाला उठवून, भर पावसाळ्यात, चिखल तुडवत शाळेखालच्या डबक्यापर्यंत नेलंत. तिथं काठावर एक शेंडा वाळलेला जुना सादडा होता. तुम्ही बोट दाखवता आणि आम्ही वर बघतो, तर ढोलीच्या तोंडाशी एक तांबूस बदक बसलेलं आहे, शेकरूच्या पाठीसारखंच तांबूस, आणि कोणीतरी लांबून शीळ घालावी तसं ओरडतंय. बदक झाडावर बसतं हे मी तोवर ऐकलंही नव्हतं. मग ते खाली उतरलं आणि खालून ओरडायला लागलं. ढोलीतून एक पिल्लू डोकावलं, आणि उडी. मग दुसरं. पंख फुटले नव्हते त्यांना. कापसाच्या बोंडासारखी ती चिखलात पडली, उठली आणि आईमागून पाण्याकडे चालू लागली. तुम्ही म्हणालात, "दोन्ही झाडवर ऱ्हातस. दोन्ही तांबडा. अडई उतरस, शेकरू उतरस नही. इतलाच फरक शे." पावसात उभं राहून तुम्हाला ठसका लागला होता, तरी तुम्ही खूश दिसत होता.

तुम्ही फार थोर शिक्षक होता असं मी कोणाला सांगत नाही. जेवणानंतरच्या तासाला तुम्ही खुर्चीत डुलक्या घ्यायचात आणि शनिवार उजाडला की तुमचे कान रस्त्याकडे असायचे. मोलगीहून जीप आली की हातातला खडू तसाच खिशात घालून निघायचात, ते सोमवारी दुपारी परत. तुम्ही स्वतःच अडई होतात. पण आम्हाला शिकवायला फारसं कोणी येतच नसे, आणि आलेल्यांपैकी आम्हाला वर मान करून बघायला लावणारे तुम्ही एकटेच होता. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तेव्हाचं डबकं, सादडा, शाळेची कौलं, काही म्हणता काही उरलं नाही.

कोरीटला तुमच्या घरी आले होते ते दिवस मला अजून तोंडपाठ आहेत. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह बंद होतं आणि त्याच आठवड्यात माझे आईबाप धाकट्या भावाला कडेवर घेऊन ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. मला न्यायला कोणी येणार नव्हतं. इतर पोरं गेली, मी ओट्यावर पेटी घेऊन बसलेली. तुम्ही जीपमध्ये पाय ठेवला होता, तो खाली घेतलात आणि म्हणालात, "चाल, मन्हा गावले." मी सपाट जमीन तेव्हा पहिल्यांदा बघितली. इतकी जमीन आणि मध्ये एक टेकाड नाही, मला भीतीच वाटली. तुमच्या घरी माय, म्हणजे तुमच्या मंडळी, खापरावर पुरणाची पोळी करत होत्या. हातावर घोळवून घोळवून एवढी मोठी करायच्या की मला वाटे आता फाटेल, आणि ती फाटत नसे. मी चुलीपासून दूर, दाराशी बसले होते. त्यांनी मला ओढून जवळ घेतलं. "खाय वं पोर, लाजू नको. आठे कोन शे तुले हसाले?" दूध आणि पोळी. मी किती खाल्ली ते मला माहीत नाही, मायना माहीत असेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला गावाच्या तलावावर नेलंत. आमच्या डबक्यावर एक जोडी असायची, इथं अडयांचा थवाच्या थवा पाण्यावर पसरलेला. तुम्ही मला बांधावर बसवलंत आणि मी न विचारता सांगायला लागलात, की यांचं पाणी आटलं की या उठतात आणि दुसरीकडे जातात, कोणाला विचारत नाहीत. "तुन्हा मायबाप बी अडईच शेत. कायले रडस? जो जास तो जगस." मी रडत नव्हते, पण तुम्ही म्हणालात म्हणून रडले.

तिथून परतताना नंदुरबारच्या बाजारात तुम्ही मला प्लास्टिकच्या चपला घेऊन दिल्यात, निळ्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या. मला त्या घालून चालता येईना, मी हातात धरून चालत होते आणि तुम्ही रस्ताभर चिडवत होता की चपला पायात घालतात. जीपमध्ये बसल्यावर मात्र वेगळ्याच आवाजात म्हणालात, "मन्हं ऐक पोरी. तू शिक आनि उतर. अडई व्हय. डोंगरमा बठी ऱ्हायशी तं तुन्हं शेकरू व्हयी." मी मान हलवली. तुम्हाला वाटलं, मी कबूल केलं.

मी शिकले, पण उतरले नाही. नंदुरबारला डी.एड. करत असताना तुम्ही गेल्याचं कळलं, आणि नोकरी लागली तेव्हा मी माझाच पाडा मागून घेतला. मोलगीपासून आत, जिथं कोणी यायला तयार नसतं तिथं. साहेबांना आश्चर्य वाटलं, लोकांना अभिमान वाटला. पाड्यावरची म्हातारी माणसं अजून पाहुण्यांना सांगतात, की आमची पोर शिकली आणि आमच्यातच परत आली. ते ऐकायला मला बरं वाटायचं. माझा धाकटा भाऊ मात्र आईबापांच्या मागे ऊसतोडीला जात राहिला. आईबाप वारल्यावर तोही कायमचा उतरला, विसरवाडीच्या नाक्यावर टायर पंक्चरच्या दुकानात राहिला, आता ते दुकान तोच बघतो. एका पोटची दोन, एक अडई आणि एक शेकरू. तुम्ही असता तर फळ्यावर लिहून फरक विचारला असता.

शेकरू आमच्याकडे आता उरलेलं नाही, असं जंगलखात्याचे लोक सांगायचे. पण माझ्या शाळेच्या वर गावदेवाची जी झाडी आहे तिच्यात एक जोडी होती. मी शाळेच्या ओट्यावरून रोज बघायचे. वरच्या अंगाला देवाची झाडी, खालच्या अंगाला नाल्यापर्यंत उतरत गेलेलं आणि पुढे मोठ्या रानाला मिळणारं जंगल, आणि दोन्हींच्या मधून आमचा अरुंद रस्ता. रस्त्यावर दोन्ही कडेच्या ऐन आणि सावरीच्या फांद्या डोक्यावर एकमेकींत शिरलेल्या. जोडी सकाळी वरच्या झाडीत असे, दुपारी खालच्या, आणि आम्हा माणसांची वाहतूक खालून चाललेली. शेकरू म्हणजे झाडांच्या शेंड्यांवरूनच जन्म काढणारं जनावर. जमिनीवर आलं की ते आंधळ्यासारखं होतं, कुत्र्याच्या तोंडी जातं. पोरांना मी तुमचाच प्रश्न घालायचे. पण डबकं बुजलं होतं, अडई दाखवायला नव्हती. मग मीच नुसती सांगायचे, आणि पोरं मला खोटं पाडायची, की बाई, बदक कुठं झाडावर बसतं का.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. रस्ता आम्हालाही हवा होता हे मी लपवत नाही. बाळंतिणीला झोळीत घालून नेताना ती वाटेत गेल्याचं मी दोनदा बघितलं आहे. सभा भरली आणि पाड्यावरच्या लोकांनी एकच अट घातली, देवाच्या झाडीला कुऱ्हाड लागता कामा नये. पुजारा, म्हणजे आमच्या गावदेवाचं सगळं करणारा म्हातारा, उठून आमच्या बोलीत बोलला आणि मी त्याचं मराठीत सांगितलं. काम घेतलेले लोक लगेच कबूल झाले. दुसरी अट महूच्या, म्हणजे मोहाच्या झाडांची. महू आमच्याकडे वाटलेले असतात, अमका महू अमक्या घराचा, बापाकडून पोराला जातो. तेही कबूल. आम्ही इतके खूश झालो की देवाला कोंबडं दिलं. कडेचे ऐन आणि सावरी देवाच्याही नव्हत्या आणि कुठल्या घराच्याही नव्हत्या. त्यांच्यासाठी बोलायचं कोणी, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. देवाचं देवाला राहिलं, घरचं घराला राहिलं, आणि मधलं जे कोणाचंच नव्हतं ते मशीन लावून आठवड्याच्या आत साफ झालं. डोक्यावर नुसतं आभाळ आलं तेव्हा आम्हाला कळलं की शेकरांचा रस्ता तो होता. मादी वरच्या झाडीत राहिली होती, नर खाली. वरची ती मादी हे मला ठाऊक होतं, कारण आदल्या वर्षी तिच्यापाशी पिल्लू होतं.

नर काही दिवस खालून ओरडत होता. त्याचा आवाज शाळेत ऐकू यायचा, पोरं पाढे म्हणताना थांबायची. ती वरून उत्तर द्यायची, शेवटच्या फांदीच्या टोकापर्यंत यायची, बसायची, परत जायची. मग नराचा आवाज बंद झाला. तो मोठ्या रानात गेला की मेला, मला माहीत नाही. ती मात्र वर एकटी, मोजक्या झाडांवर. तेव्हाच मी देवापुढे नारळ ठेवला आणि मनात बोलले, ती पलीकडे गेली तर मी जन्मभर इथं राहीन. होळीपर्यंत नाही गेली तर बदलीचा अर्ज देईन आणि भावाकडे जाईन. पुजाऱ्यानं विचारलं, कशाचा नवस. मी सांगितलं नाही. भाऊ त्याआधीपासूनच मागे लागला होता. तो आता घरची बोली फोनवर बोलत नाही, नाक्यावरची बोलतो. "ताई, कायले पडी ऱ्हायनी तठे? आठे चोवीस तास लाइट शे, दवाखाना शे, गाडी शे. तुन्हासाठी एक खोली खाली करी देस मी." मी म्हणायचे, होळीला सांगते. त्याला वाटायचं, मी सुट्टीचा हिशोब करते आहे.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं आम्ही झाडं गेल्यावर पूल बांधायला निघालो. कल्पना पुजाऱ्याची. अंबाडीचे दोर वळले, दोन दोरांत बांबूच्या कामट्या बाजेला विणतात तशा विणल्या, आणि वरच्या झाडीच्या शेवटच्या फांदीपासून खालच्या पहिल्या झाडापर्यंत ताणून बांधलं. माणसं हौसेनं आली. डोंगरात कोणी चढायचं आणि कोणी दोर धरायचा हे सांगावं लागत नाही. एसटी खालून जाते एवढं बघितलं आणि समाधान मानलं. तिसऱ्या दिवशी ती दोराच्या तोंडाशी येऊन वास घेऊन गेली. मी पोरांना हसत सांगितलं, की जाणार, नक्की जाणार. मला इतकी खात्री वाटली होती की त्या रात्री मी भावाला, येत नाही म्हणून, फोन करणार होते.

मग दिवाळी झाली आणि ट्रक आले. ऊसतोडीचे ट्रक कसे भरतात तुम्ही बघितलं आहे. बाजा, भांडी, लाकडं, कोंबड्यांचे खुराडे, शेळ्या, आणि झोपडी उभी करायला लागणारे लांब बांबू वरून बाहेर आलेले, आणि त्या सगळ्यावर माणसं. मी शाळेच्या ओट्यावर उभी आहे. ट्रकवर माझ्याच वर्गातली पोरं बसलेली आहेत, हात हलवतायत, "बाई, जातो आम्ही, बाई." मीही हात हलवते आहे. आणि त्यातला एक बांबू दोरात अडकतो. दोर ताणला जातो, कामट्या उडतात, आणि पूल तुटून ट्रकच्या मागे फरफटत जातो. वर बसलेले आधी हसले. मग त्यांना समजलं काय तुटलं, कारण दोर वळायला तेच तर होते. ट्रक थांबला नाही, मुकादमाला उशीर झाला होता. पोरं मागे वळून बघत होती, त्यांच्या हातांचं हलवणं तेवढं थांबलं. मला कोणाचाच राग आला नाही. उतरणाऱ्यांनी न उतरणारीचा रस्ता तोडला, एवढंच. आणि उतरले ते काही सुखाला गेले नव्हते.

त्याच सुट्टीत मी कोरीटला जाऊन आले. माय थकल्या आहेत, दिसतं कमी, पण आवाजावरून ओळखलं. "ये वं, बठ. तुन्हा गुरुजी गयात, मंग तू बी येवानी बंद व्हयनी." मी तलावाचं विचारलं. मला वाटलं होतं, निदान तुमची अडई तरी बघून यावी; शेकरू हरलं तर हरलं, तुमचं बदक तरी जिंकलेलं बघावं. माय म्हणाल्या, "तलाव कथा ऱ्हायना आते? गाळ भरना, लोकेस्नी वावर करी टाकं." आता ज्यानं त्यानं आपापल्या वावरात शेततळं खोदलं आहे, आणि पाणी मुरू नये म्हणून त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरला आहे. तुमच्या मागच्या वावरातही एक आहे. पावसाळ्यात एका अडईनं बांधावरच्या चिंचेच्या ढोलीत अंडी घातली होती. पिल्लांनी उडी मारली, आईमागून चालत आली आणि त्या तळ्यात उतरली. उतरायला काहीच लागत नाही. वर चढायला कागद गुळगुळीत. मायना खुडबुड ऐकू येत होती. "पिल्लं उतरनात, पन वर येताच ये ना. माय वरथीन वरडे, उडे, फिरी ये. मी गोनपाट टाकं कागदवर, पन पिल्लेस्ले काय समजस?" एकेक करून ती पोहून पोहून दमली. "मंग ती उडी गयी. काय करी बिचारी." मायनी हे सांगितलं आणि लगेच मला विचारलं, पोळी करू का. मी नको म्हटलं. त्यांच्यानं आता खापर उचलत नाही.

परतीच्या जीपमध्ये मी तुमच्याशी भांडत होते, गुरुजी. जो जास तो जगस. खरं आहे, ती जगली. कुठल्यातरी पाण्यावर आत्ताही असेल, आणि पुढच्या पावसात पुन्हा एखाद्या ढोलीत बसेल, आणि पुन्हा अशाच काळ्या कागदात पिल्लं उतरवेल, कारण खालच्या अंगाला आता तसलीच तळी आहेत. तुम्ही मला सांगितलं ते अर्धंच सांगितलंत. विसरवाडीला भावाकडे राहून आले तेव्हाही मला हेच दिसलं. पत्र्याची खोली, रात्रभर ट्रक, भावाचं पोर शाळेत जातं पण हवा भरायला त्याला दिवसातून चारदा उठवतात. आजी असती तर तिच्याशी बोलता येईल अशी एकही भाषा त्याला येत नव्हती. आजी आधीच मेली, म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पळसाला पाने तीनच. तरीही मला तिथं जायचं होतं. हे खरं आहे, मला जायचं होतं. दिवाळीनंतर पाड्यावर म्हातारे, कुत्री आणि मी. वर्गात बोलणारं कोणी नाही. संध्याकाळी चूल पेटवायचासुद्धा कंटाळा येतो, आणि वरच्या झाडीत ती एकटीच बडबडत असते.

पूल आम्ही उरलेल्यांनी पुन्हा बांधला, जास्त उंच. वर फांद्या बारीक, दोर सैल पडला, वाऱ्यानं झुलायचा. आणि होळीच्या आदल्या आठवड्यात, दुपारी, ती आली. पुजाऱ्यानं शाळेत येऊन मला हाक मारली नाही, नुसती खूण केली. आमच्यात इंदलाची पूजा असते तेव्हा कळंबाची फांदी तोडतात, आणि ती जमिनीला लागू द्यायची नाही असा नेम आहे. खाली माणसं उभी राहून वरच्या वर झेलतात. पुजारा त्याच सवयीनं घरातून गोधडी घेऊन धावला होता. देवाच्या झाडीतल्या जनावराला हातानं धरायचं नाही, पण पडलं तर झेलायचं, आणि झेललं तर तसंच पलीकडच्या झाडापाशी नेऊन ठेवायचं, असं तो म्हणाला. गोधडीला चार टोकं आणि गावात धड माणसं चारच होतो: पुजारा, त्याची म्हातारी, तिची बहीण आणि मी. आम्ही रस्त्याच्या मधोमध गोधडी ताणून उभे. वर ती दोरावर आली होती. चार पावलं, मग थांबली. दोर झुलला. तिनं शेपूट खाली सोडली, अंग दोराला चिकटवलं. तिचं पोट वर-खाली होताना मला खालून दिसत होतं. पुजारा तोंडातल्या तोंडात देवाला काहीतरी सांगत होता. एक पाय घसरला, नुसती मागच्या पायांवर लोंबकळली, आणि दोघी म्हाताऱ्यांनी एकदम श्वास घेतला. मग ती उलटी वळली, वर चढली आणि आल्या वाटेनं परत गेली.

ती पुन्हा दोरावर आली नाही. आता वरच्या झाडीत नवं घरटं बांधते आहे, आधीची तीन तशीच असताना. डहाळ्या तोडते, घेऊन जाते, रचते, पुन्हा येते. कोणासाठी, हे तिला कोण सांगणार. होळीला माणसं परत आली, ढोल वाजले, पोरांनी वर्गात येऊन गुजरातेतल्या उसाच्या गोष्टी सांगितल्या. नवसाप्रमाणे मी अर्ज द्यायला हवा होता. भावानं खोलीला रंगही लावला आहे. मी अजून अर्ज दिलेला नाही आणि देईन असं वाटत नाही. लोक म्हणतात, बाई आमच्यासाठी राहिल्या. भावाला वाटतं, ताईला देवाचं भय आहे. मी दोघांनाही तसं वाटू देते. राहून काही होणार आहे असं मला आता वाटत नाही आणि जाऊनही होणार नाही. पण जाणं जमत नाही, त्याचं कारण मला एकटीला माहीत आहे.

हे पत्र मायकडे पाठवलं तर त्या कोणाकडून तरी वाचून घेतील, म्हणून पाठवणार नाही. तुमच्यापर्यंत ते जाणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच लिहू शकले. गुरुजी, ती दोरावर लोंबकळली तेव्हा, पडली तर मी सुटले, असं माझ्या मनात आलं. आणि नुसतं मनात आलं नाही. पुजाऱ्यानं आणि त्या दोघी म्हाताऱ्यांनी आपापली टोकं मुठी आवळून धरली होती. माझं टोक मी ढिलं सोडलं होतं.